लुडविग प्रांटल : खळाळत्या प्रवाहाचा आचार्य

चांगला शिक्षक कोणाला म्हणावे? ज्याचे बोलणे ओघवते, ज्याचा आवाज खणखणीत, ज्याच्या तासाला विद्यार्थी खिळून बसतात, तो चांगला शिक्षक, असे आपण सर्वसाधारणपणे समजतो. परंतु ज्याची व्याख्याने विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटत, आणि तरीही ज्याच्या हाताखालून ऐंशीहून अधिक विद्यार्थी डॉक्टर होऊन बाहेर पडले व त्यांतील कित्येक जगप्रसिद्ध झाले, अशा एका शिक्षकाचे चरित्र मी येथे सांगणार आहे. त्यांचे नाव लुडविग प्रांटल. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात प्रवाहशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव ठाऊक असते. इतरांना ते फारसे ठाऊक नसते. प्रस्तुत लेखक भाषा व इतिहास शिकविणारा असल्यामुळे समीकरणांच्या वाटेला तो जाणार नाही. पण प्रांटल यांनी जो विषय शिकविला त्याचे एक वैशिष्ट्य कोणत्याही शिक्षकाने विचार करावे असे आहे. त्या विषयाचे पूर्ण उत्तर खुद्द शिकविणाऱ्यालाच ठाऊक नव्हते, आणि आजही ते कोणाला ठाऊक नाही!

विषय कोणता?

उदबत्ती पेटवून वारा नसलेल्या खोलीत ठेवावी आणि तिच्या धुराकडे पाहावे. प्रथम धुराची रेघ दोऱ्यासारखी सरळ वर जाते. थोड्या उंचीवर ती थरथरते आणि एकाएकी तिची वेटोळी होऊन ती विस्कटते. सरळ रेघेला शास्त्रज्ञ स्तरीय प्रवाह म्हणतात आणि विस्कटलेल्या भागाला संक्षुब्ध प्रवाह म्हणतात. नळाची तोटी किंचित उघडली तर पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी स्वच्छ दिसते, पूर्ण उघडली की ती पांढरी व खडबडीत होते, हाही त्याच जातीचा प्रकार होय. 1883 साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी काचेच्या नळीत पाण्याबरोबर रंगाची बारीक धार सोडून हा बदल जगाला दाखविला. पाण्याचा वेग, नळीचा व्यास आणि पाण्याची श्यानता म्हणजे चिकटपणा यांच्यापासून त्यांनी एक संख्या काढली. ती संख्या नळीत साधारण दोन हजारांच्या पुढे गेली की रंगाची धार विस्कटू लागते.

हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. गावाला पाणी पुरविणाऱ्या नळातील प्रवाह बहुधा संक्षुब्ध असतो. विमानाच्या पंखावरून जाणारी हवा, कालव्यातील पाणी, धुराड्याचा धूर, आकाशातील ढग या सर्वांत हाच गोंधळ असतो. पंप केवढा बसवावा, नळ केवढा घ्यावा, विमानाला इंधन किती लागेल, हे सारे हिशेब त्याच्यावर अवलंबून असतात. प्रवाहाची मूळ समीकरणे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडली गेली होती. परंतु समीकरण असणे निराळे व ते सुटणे निराळे. 2000 साली अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने ज्या सात प्रश्नांना प्रत्येकी दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले त्यांत या समीकरणांचाही एक प्रश्न आहे, आणि ते बक्षीस अजून कोणाला मिळालेले नाही.

बालपण आणि कारखाना

लुडविग प्रांटल यांचा जन्म 4 फेब्रुवारी 1875 रोजी जर्मनीतील म्युनिकजवळच्या फ्रायझिंग या गावी झाला. वडील अलेक्झांडर प्रांटल हे प्राध्यापक होते. आईची प्रकृती दीर्घकाळ बिघडलेली असल्यामुळे मुलगा वडिलांच्या सहवासात अधिक वाढला. निसर्गातील साध्या गोष्टींकडे थांबून पाहावे व त्या तशा का घडतात याचा विचार करावा, ही सवय वडिलांनी त्याला लावली. पुढे मोठमोठ्या प्रयोगशाळा हाताशी आल्या तरी प्रांटल यांची ही सवय सुटली नाही. आधी डोळ्यांनी पाहावयाचे, मग मनात चित्र उभे करावयाचे, आणि शेवटी गणित मांडावयाचे, असा त्यांचा क्रम होता.

1894 साली ते म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात दाखल झाले. तेथे यंत्रशास्त्राचे नामवंत प्राध्यापक ऑगस्ट फेपल यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला आणि 1900 साली डॉक्टरेट मिळविली. त्यांचा प्रबंध पाण्याविषयी वा हवेविषयी नव्हता. भार पडला असता तुळई बाजूला कशी कलंडते याविषयी तो होता. प्रवाहशास्त्राशी त्यांची गाठ पडली ती विद्यापीठात नव्हे, कारखान्यात!

न्युरेंबर्ग येथील यंत्रांच्या मोठ्या कारखान्यात ते अभियंता म्हणून नोकरीस लागले. लाकूडकामाच्या यंत्रांवरील भुसा व छिलके हवेने ओढून नेण्याची यंत्रणा सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी ती सुधारली. परंतु एक गोष्ट त्यांना खटकत राहिली. पुढे रुंद होत जाणाऱ्या नळीत हवेचा वेग कमी होऊन दाब पुन्हा वाढावा, असे पुस्तके सांगत होती. प्रत्यक्षात तो तसा वाढत नव्हता. हवा नळीच्या भिंतीला धरून चालत नव्हती, ती भिंतीपासून सुटून मोकळी जात होती. ती का सुटते? दुसरा एखादा अभियंता काम झाले म्हणून पुढच्या कामाला लागला असता. प्रांटल हा प्रश्न खिशात घेऊनच कारखान्यातून बाहेर पडले. 1901 साली हानोव्हरच्या तंत्रविद्यापीठात ते प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे 26 वर्षांचे होते.

दहा मिनिटांचे व्याख्यान

हानोव्हर येथे त्यांनी सुमारे दीड मीटर लांबीची पाण्याची एक पन्हळ तयार केली. तिच्यात हाताने फिरवावयाचे एक चाक बसविले होते. पाण्यात चकाकणारी खनिजाची बारीक भुकटी टाकली की प्रवाहाच्या रेषा डोळ्यांना दिसत. वाटेत पंखाच्या आकाराचा, नळकांड्याच्या आकाराचा अडथळा ठेवावयाचा, चाक फिरवावयाचे, पाहावयाचे आणि छायाचित्र घ्यावयाचे. आपल्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतही जमेल, इतके हे साहित्य साधे होते.

ऑगस्ट 1904 मध्ये हायडेलबर्ग येथे गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे प्रांटल यांना बोलण्यासाठी दहा मिनिटे मिळाली. छापल्यावर तो निबंध जेमतेम आठ पानांचा झाला. त्या आठ पानांनी प्रवाहशास्त्राला नवा जन्म दिला, असे आज मानले जाते.

त्यांतील मुख्य कल्पना घरातल्या पंख्यावरून समजते. छताचा पंखा एवढ्या वेगाने फिरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ बसलेलीच राहते. वाऱ्याने ती उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याला चिकटून त्याच्याबरोबरच फिरत असते. तेथून थोडे दूर गेले की हवेचा वेग झपाट्याने बदलतो. हा बदल ज्या पातळ थरात घडतो त्याला प्रांटल यांनी सीमास्तर म्हटले. हवेची वा पाण्याची श्यानता अत्यल्प असते म्हणून जुने गणिती ती सरसकट सोडून देत, आणि मग पाण्यात चालणाऱ्या वस्तूला मुळी विरोधच होत नाही असे विपरीत उत्तर त्यांना मिळे. दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने हे कोडे अठराव्या शतकापासून चालत आले होते. प्रांटल यांनी दाखविले की श्यानता दूरच्या प्रवाहात सोडून द्यावी, पण पृष्ठभागालगतच्या त्या पातळ थरात ती सोडून चालणार नाही. सारा विरोध तेथेच जन्म घेतो. तो थर पुढे दमतो, वाढत्या दाबापुढे त्याचे चालत नाही, आणि तो पृष्ठभागापासून सुटतो. कारखान्यातील नळीचे कोडे अशा रीतीने सुटले.

या निबंधाचे महत्त्व गटिंगन विद्यापीठाचे थोर गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी ओळखले. त्याच वर्षी त्यांनी प्रांटल यांना गटिंगनला बोलावून घेतले. येथे एक गोष्ट आपल्या तरुण शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. हानोव्हरला प्रांटल पूर्ण दर्जाचे प्राध्यापक होते, तर गटिंगनला मिळणारी जागा दर्जाने खालची होती. त्यांनी बराच विचार केला आणि खालची जागा पत्करली, कारण तेथे काम करण्यास वाव अधिक होता. पूर्ण दर्जा त्यांना तेथे 1907 साली मिळाला. पुढील जवळजवळ अर्धशतक ते गटिंगनलाच राहिले.

वर्गातील प्रांटल

प्रांटल यांचे पट्टशिष्य थिओडोर फॉन कारमान यांनी आपल्या आठवणींत गुरूंविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. ते म्हणतात की प्रांटल यांचे व्याख्यान रटाळ होई, कारण कोणतेही विधान केले की त्याला कोणत्या अटी आहेत, ते कोठे लागू पडत नाही, हे सांगितल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. व्यवहारात ते अगदी भोळे होते. त्यांच्या विवाहाची गोष्टही कारमान यांनीच सांगितली आहे. आपल्या गुरूंच्या, म्हणजे फेपल यांच्या घरी त्यांनी मुलीला मागणी घातली, पण दोन मुलींपैकी कोणतीला हे सांगावयाचे राहूनच गेले! घरच्यांनी विचार करून थोरलीचे नाव ठरविले. 1909 साली गेरट्रूड फेपल यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तो सुखाचा झाला, आणि त्यांना दोन मुली झाल्या.

मग अशा शिक्षकाकडे जगभरचे विद्यार्थी का जात? एक कारण असे की प्रांटल विद्यार्थ्याला तयार उत्तर देत नसत, तर उत्तर नसलेला प्रश्न देत, आणि त्याच्या शेजारी उभे राहून त्या प्रश्नाकडे पाहत. त्यांचे पहिल्या फळीतील शिष्य ब्लासियस यांना त्यांनी सपाट पत्र्यावरील सीमास्तराचे गणित दिले. ब्लासियस यांनी ते 1908 साली प्रसिद्ध केले, आणि आजही अभियांत्रिकीचा विद्यार्थी सीमास्तराचा पहिला धडा त्यावरच गिरवतो.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. हिमेंझ नावाच्या विद्यार्थ्याला प्रांटल यांनी गोल नळकांड्याभोवतीच्या पाण्याचा दाब मोजण्यास सांगितले. पण नळकांड्यामागचे पाणी काही केल्या स्थिर राहीना. ते डावीकडे उजवीकडे हेलकावे घेई. प्रांटल यांनी सांगितले की नळकांडे पुरेसे गोल नसावे. हिमेंझ यांनी ते अधिक काळजीने घासून गोल केले. हेलकावे चालूच राहिले. मग पन्हळ दोन्ही बाजूंनी सारखी नसावी असे ठरले. तीही नीट केली. तरी हेलकावे थांबेनात. त्या वेळी तेथे साहाय्यक असलेले कारमान रोज सकाळी हिमेंझ यांना विचारीत की पाणी स्थिर झाले का, आणि रोज नकारार्थी उत्तर येई. शेवटी कारमान यांच्या मनात आले की हेलकावा हा उपकरणाचा दोष नसून पाण्याचा स्वभावच असला पाहिजे. त्यांनी गणित करून दाखविले की अडथळ्यामागे भोवरे एकाआड एक, डावा उजवा, असेच सुटले तरच त्यांची रांग टिकते. हे गुरूच्या समजुतीविरुद्ध होते. प्रांटल यांनी काय केले? त्यांनी ते गणित पाहिले, ते लिहून काढावयास सांगितले आणि 1911 साली स्वतःच ते गटिंगनच्या विद्वत्परिषदेपुढे ठेवले. ती रांग आज कारमान यांच्या नावाने ओळखली जाते. उंच धुराड्यांच्या वरच्या भागाभोवती गुंडाळलेल्या सर्पिल पट्ट्या आपण पाहतो, त्या याच भोवऱ्यांची लय मोडून धुराडे हलू नये म्हणून बसविलेल्या असतात.

चेंडूभोवतीची तार

1912 च्या सुमारास आणखी एक पेच उभा राहिला. पॅरिसचा सुप्रसिद्ध मनोरा उभारणारे गुस्ताव्ह आयफेल उतारवयात वाऱ्याच्या दाबाचे प्रयोग करीत होते. गोल चेंडूला वाऱ्याचा जो विरोध त्यांनी मोजला, त्यावरून निघणारा गुणांक गटिंगनच्या वातविवरातील, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यातील गुणांकाच्या निम्म्याहून कमी भरला. आयफेल यांच्या हिशेबात काही तरी राहून गेले असावे, असे गटिंगनच्या काही जणांना वाटले. पण आयफेल बरोबर होते आणि गटिंगनचे आकडेही बरोबर होते. फरक इतकाच की आयफेल यांचा वारा अधिक वेगाचा होता.

1914 साली प्रांटल यांनी याचा उलगडा केला. कमी वेगात चेंडूवरील सीमास्तर शांत म्हणजे स्तरीय असतो आणि तो लवकर सुटतो, त्यामुळे चेंडूमागे रुंद खळबळ उरते व विरोध वाढतो. जास्त वेगात सीमास्तर स्वतःच संक्षुब्ध होतो. बाहेरची वेगवान हवा त्याच्यात मिसळून त्याला जोर देते, तो चेंडूला अधिक दूरपर्यंत धरून राहतो, मागची खळबळ अरुंद होते आणि विरोध कमी होतो. हे त्यांनी केवळ सांगितले नाही. त्यांनी चेंडूच्या पुढल्या भागावर बारीक तारेचे एक कडे बसविले आणि कमी वेगाच्या वाऱ्यात ठेवले. तारेने सीमास्तर विस्कटला आणि विरोध खरोखरच उतरला! चेंडू खडबडीत केल्याने तो अधिक सहज जातो, हे ऐकावयास विचित्र वाटते. पण गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात ते याच कारणाने. पदव्युत्तर वर्गात संक्षुब्ध प्रवाह शिकविताना आजही हा प्रयोग सांगितला जातो, कारण संक्षोभ म्हणजे केवळ नुकसान नव्हे, हे त्यावरून एका क्षणात पटते.

न सुटणारा प्रश्न कसा शिकवावा?

पहिल्या महायुद्धानंतर म्युनिकने प्रांटल यांना आपल्या गुरूंच्या जागेवर बोलाविले. ते गेले नाहीत. 1925 साली त्यांच्यासाठी गटिंगन येथे प्रवाहसंशोधनाची कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली व ते तिचे संचालक झाले. आता त्यांनी संक्षुब्ध प्रवाहाच्या मुख्य प्रश्नाला हात घातला.

खळाळत्या पाण्याच्या प्रत्येक कणाचा माग काढणे अशक्य. मग सरासरी काढावी, तर सरासरीच्या समीकरणांत अज्ञात राशींची संख्या समीकरणांपेक्षा जास्त भरते. अशा वेळी काय करावे? 1925 साली प्रांटल यांनी एक चित्र सुचविले. पाण्याचा एक गोळा आपल्या थरातून निघून शेजारच्या थरात शिरतो. काही अंतर तो आपला मूळ वेग बाळगून जातो आणि मग तेथील पाण्यात मिसळून जातो. त्या अंतराला त्यांनी मिश्रणलांबी म्हटले. भिंतीजवळ गोळ्याला हालचालीस जागा कमी, म्हणून तेथे ही लांबी लहान. भिंतीपासून जसजसे दूर जावे तसतशी ती वाढते. एवढ्या साध्या कल्पनेवरून नळातील वेगाचा नियम बऱ्याच अंशी हाती लागला. 1930 साली कारमान यांनी निराळ्या वाटेने तोच लघुगणकी नियम मांडला. गुरुशिष्यांची ही चढाओढ त्या काळी परिषदांतून गाजली.

ही मिश्रणलांबी म्हणजे अंतिम सत्य नव्हे, ती एक कामचलाऊ कल्पना आहे, याची जाणीव प्रांटल यांना स्वतःला पूर्ण होती व ती त्यांनी लपविली नाही. म्हणून त्यांनी मोजमापावर भर दिला. त्यांचे सहकारी निकुराड्से यांनी नळ्यांच्या आत चाळलेल्या वाळूचे सारख्या आकाराचे कण चिकटविले आणि खडबडीतपणाने पाण्याला किती विरोध होतो ते काळजीपूर्वक मोजले. 1933 साली प्रसिद्ध झालेल्या त्या आकड्यांचा आधार पुढे पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी वापरलेल्या आलेखांना मिळाला. टोलमीन व श्लिख्टिंग या शिष्यांनी शांत सीमास्तर विस्कटण्यापूर्वी त्यात बारीक लाटा उठल्या पाहिजेत, असे गणिताने भाकीत केले. पुष्कळांना ते पटले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अत्यंत शांत वातविवर तयार झाले, तेव्हा त्या लाटा खरोखर सापडल्या.

याच संस्थेत इर्मगार्ड लोट्स ही तरुणी 1929 साली कामाला आली. विमानाच्या पंखावर भार कसा वाटला जातो, हा प्रांटल यांच्या सिद्धांतातील किचकट हिशेब तिने सोप्या रीतीने करून दाखविला. जर्मनीत तिला प्राध्यापकपद मिळाले नाही. पुढे ती पतीसह अमेरिकेस गेली आणि 1960 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकीची पहिली स्त्री प्राध्यापक झाली. मुलींना गणित झेपत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी.

भारताशी धागा

1930 नंतरच्या काळात महाराष्ट्रातील एक तरुण प्रांटल यांच्याकडे शिकावयास गेला. त्यांचे नाव विष्णू माधव घाटगे. 1936 साली गटिंगनहून डॉक्टरेट घेऊन ते परतले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विमानविद्या शिकविली आणि हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात एचटी-2 या शिकाऊ विमानाच्या रचनेचे नेतृत्व केले. भारतात रचले व बांधले गेलेले ते विमान 1951 साली आकाशात उडाले. 1965 साली घाटगे यांना पद्मश्री मिळाली. प्रांटल यांच्या व्याख्यानांवरून दोन खंडांचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे त्यांचे शिष्य टिएत्येन्स यांनीही पुढे काही काळ बंगळूरला अध्यापन केले. कारमान यांनी अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे जी परंपरा उभारली, तीत सतीश धवन यांनी 1951 साली डॉक्टरेट मिळविली. ते बंगळूरला आले, शांत प्रवाह विस्कटतो कसा याचे संशोधन त्यांनी तेथे सुरू केले, रोद्दम नरसिंह यांच्यासारखे शिष्य घडविले आणि पुढे भारतीय अंतराळ संशोधनाची धुरा वाहिली. कारखान्यातील भुशाच्या नळीपासून निघालेला एक धागा असा आपल्या देशापर्यंत येतो.

कसोटीचा काळ

थोरांचे चरित्र सांगताना त्यांच्या पडत्या बाजूकडे पाठ फिरविणे हे इतिहासाच्या शिक्षकाला शोभत नाही. 1933 साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यू वंशाचे म्हणून मॅक्स बोर्न, रिचर्ड कुरांट, एमी नोएथर यांना गटिंगनच्या जागा सोडाव्या लागल्या, जेम्स फ्रांक यांनी निषेधार्थ राजीनामा दिला. ज्या विद्यापीठाची कीर्ती जगभर होती ते काही महिन्यांत ओस पडले. प्रांटल यांच्या संस्था मात्र वाढल्या, कारण नव्या राजवटीला विमाने हवी होती.

प्रांटल नाझी पक्षाचे सभासद झाले नाहीत. वेर्नर हायझेनबर्ग या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञावर राजवटीच्या हस्तकांनी चिखलफेक चालविली, तेव्हा 1938 साली प्रांटल यांनी त्यांच्या बाजूने थेट हिमलरला पत्र लिहिले. त्या काळात हे सोपे नव्हते. परंतु त्याच वर्षी इंग्लंडमधील आपले स्नेही व संक्षुब्ध प्रवाहाचे दुसरे आचार्य जी. आय. टेलर यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी आपल्या देशाच्या राजवटीचे समर्थन केले. युद्धकाळात हवाई मंत्रालयाच्या संशोधनव्यवस्थेत त्यांनी वरचे पद सांभाळले. 1945 साली कारमान अमेरिकी सैन्याचा गणवेश घालून गटिंगनला आले आणि ज्या गुरूच्या पायाशी ते शिकले त्याची त्यांना चौकशी करावी लागली. कारमान स्वतः ज्यू वंशाचे होते. त्या भेटीत गुरुशिष्यांमध्ये जे अंतर दिसले ते कोणत्याही गणिताने भरून येण्यासारखे नव्हते.

प्रत्येक विधानाला अट जोडल्याशिवाय ज्यांना राहवत नसे, त्या प्रांटल यांनी आपल्या राजवटीच्या विधानांना मात्र तीच कसोटी लावली नाही. पाण्यातील बारीकसा हेलकावा ज्यांच्या नजरेतून सुटत नसे, त्यांच्या नजरेसमोर शेजारच्या खोल्या रिकाम्या झाल्या. विद्या माणसाला सूक्ष्म दृष्टी देते. पण ती दृष्टी कोणत्या दिशेला वळवावयाची, हे विद्या सांगत नाही. ते ज्याचे त्याला ठरवावे लागते. आपल्या संस्थांतून अभियंते घडविताना हा धडा पाठ्यक्रमात नसला तरी आपण तो शिकविला पाहिजे.

अखेरचे दिवस

जानेवारी 1945 मध्ये, युद्ध हरण्याच्या बेतात असताना व वयाची सत्तरी पुरी होत असताना, प्रांटल यांनी गटिंगनच्या विद्वत्परिषदेपुढे संक्षुब्ध प्रवाहाचे नवे सूत्र मांडले. वीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच मिश्रणलांबीवर ते समाधानी नव्हते. खळबळीत साठलेली ऊर्जा किती निर्माण होते, कोठे वाहून जाते आणि कशी विरते, याचा स्वतंत्र हिशेब त्यांनी त्यात धरला. आज संगणकावर विमानांची व टर्बाइनांची गणिते करताना अभियंते ज्या पद्धती वापरतात, त्यांतील पुष्कळांचे मूळ अशाच विचारात आहे. सत्तराव्या वर्षी स्वतःच्या कीर्तीचा पाया बाजूला सारून नवे सूत्र मांडणे, ही गोष्ट लहान नव्हे.

15 ऑगस्ट 1953 रोजी गटिंगन येथे त्यांचे निधन झाले. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. त्यांनी स्थापलेल्या संस्था नव्या नावांनी आजही गटिंगनला चालू आहेत. उष्णतेच्या अभ्यासातील एका संख्येला त्यांचे नाव आहे.

आपल्याकडे शिक्षकाला उत्तर येत नाही असे कळले की वर्गात त्याचा मान गेला असे मानतात. म्हणून पुष्कळ शिक्षक केवळ उत्तरे असलेलेच प्रश्न विचारतात आणि विद्यार्थी तीच उत्तरे परीक्षेत उतरवितात. पहिल्या इयत्तेत हे चालेल. पण जो विद्यार्थी पदवीनंतरही शिकावयास येतो त्याला ठाऊक असलेले आणि ठाऊक नसलेले यांच्या सीमेवर नेऊन उभे करणे, हेच गुरूचे काम होय. तेथे गुरूनेही शिष्याबरोबर उभे राहावयाचे असते, आणि शिष्याचे बरोबर निघाले तर ते स्वतःच्या हाताने विद्वानांपुढे ठेवावयाचे असते. प्रांटल यांनी हे आयुष्यभर केले. त्यांच्या शास्त्रातील ही नम्रता आपण घ्यावी. आणि ती वर्गाच्या दाराबाहेरही जपावी, हे त्यांच्या चरित्राच्या काळ्या पानांवरून शिकावे. आपल्या शाळांतील एखादा मुलगा वा मुलगी उद्या उदबत्तीच्या धुराकडे पाहून तो का विस्कटतो असे विचारील, तेव्हा त्याला गप्प न बसविता त्याच्याजवळ बसणारा शिक्षक आपल्याकडे असावा, एवढीच इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.